माळवदाची किंमत

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते, लातूरचं ऊन ऐन भरात होतं आणि आमच्या घरातला एसी बंद पडला. मेकॅनिक आला. त्याने बाहेरची पेटी उघडली, मीटर लावून पाहिलं आणि कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापर्यंत जात होता. "सर, यात आता पैसे घालू नका, बदलूनच टाका," असं म्हणत त्याने समोर पडलेल्या एका कविसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. दीड टनाचं नवं यंत्र, तांब्याची नळी, स्टँड, स्टॅबिलायझर, बसवण्याची मजुरी. बेरीज सत्तेचाळीस हजारांवर गेली.

माझ्या पिशवीत कविता पुष्कळ असतात, पण सत्तेचाळीस हजार क्वचितच असतात. मी गप्प बसलो. तेव्हा पलंगावरून माझी अम्मा बोलली. तिचं वय ब्याऐंशी. ती म्हणाली, "आधीचं बदललं तेव्हा किती लागले होते, अब्बांच्या वहीत बघ की."

"आधीचं कुठलं, अम्मा? हा आपला पहिलाच एसी."

"एसी नाही रे. माळवद."

मेकॅनिक तरुण होता. त्याला माळवद म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आपल्या मराठवाड्यातल्या नव्या पिढीलाही ते सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगतो.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. कोणी त्याला धाबं म्हणतं. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर आणि त्यावर माती. माती कुठलीही चालत नसे. पांढरी, चिकट, पाणी धरून ठेवणारी आणि खाली न सोडणारी माती लागे. भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. दारं बुटकी, खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेडाला वर एखादा झरोका.

हे नुसतं छत नव्हतं. घर थंड ठेवायची आणि उबदार ठेवायची ती एक पुरी यंत्रणाच होती. मातीतून उष्णता फार सावकाश चालते. दिवसभराच्या उन्हाची झळ मातीच्या थरात हातभर खाली उतरेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि रात्रीची हवा ती झळ वरच्या वर परत घेऊन जाते. त्यामुळे वैशाखात बाहेर जमीन भाजत असली, तरी आत माठाच्या पोटात बसल्यासारखं वाटे. थंडीत याच्या उलट. पहाटे बाहेर हुडहुडी भरे आणि आत एक वाकळ पुरे होई. वायर नाही, बिल नाही, आवाज नाही. मला लहानपणी उन्हाळा म्हणजे घराबाहेरची गोष्ट वाटायची.

देखभालीचा खर्चही थोडा. दर वर्षी मृगाच्या आधी शेजारचे तात्या येत. गळती लागलेली जागा शोधून तिथे नवी माती टाकत, पाणी शिंपडत, धोपटत आणि उतार काढून देत. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि मास्तरांच्या सवयीने सगळं वहीत लिहीत. १९७८ च्या पानावर आहे, 'माळवद, माती दोन गाड्या व मजुरी, रु. ३५.' पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आमच्या आजोबांच्या काळीही तसंच होत असणार.

त्या वहीत एक गोष्ट कधीच लिहिलेली नाही. माती टाकल्याची नोंद दर वर्षी आहे. माती काढल्याची एकही नाही.

आमच्याच घरी असं होतं असं नाही. साऱ्या मुलखाची ही रीत होती. गळतंय ना, वर थर टाका. जुना थर खरवडून काढायचा म्हणजे दुप्पट मजुरी. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेले. मुळात फूटभर असलेलं छत दोन फुटांवर गेलं, कुठे अडीच फुटांवर गेलं. जितकं जाड तितकं थंड, असं म्हणून लोक त्यात समाधान मानत. आज हिशेब करून पाहिला तर अंगावर काटा येतो. दहा फूट बाय बारा फुटांची खोली आणि वर दोन फूट माती, म्हणजे साधारण दहा-अकरा टन वजन. आमच्या डोक्यावर दहा टन घेऊन आम्ही गारव्यात झोपत होतो. वर्षाला पस्तीस रुपयांत मिळणाऱ्या त्या गारव्याचं खरं बिल साठत होतं आणि ते कोणाच्या वहीत उतरत नव्हतं.

ते बिल ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आलं.

अनंत चतुर्दशी झाली होती. गणपतीचं विसर्जन करून माणसं उशिरा घरी येऊन गाढ झोपली होती. भूकंपाचा जोर तसा जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हता, ६.२ ते ६.४ च्या दरम्यान. पण त्याचा केंद्रबिंदू किल्लारीजवळ होता आणि जमिनीत फार खोल नव्हता. औसा आणि उमरगा या तालुक्यांतली गावं काही सेकंदांत बसली. सरकारी आकडा सुमारे आठ हजार मृत्यूंचा आहे. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते, जमिनीतून आवाज आले होते. पण त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो नकाशा बदलला आणि आमचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. नकाशा बदलायलाही एवढी किंमत मोजावी लागली.

मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. लातुरातून ट्रक निघाले, त्यांतल्या एकात मी चढलो. जे पाहिलं ते सगळं सांगायची ही जागा नाही. एकच सांगतो. मला वाटलं होतं, पडलेल्या भिंती दिसतील. दिसले मातीचे ढीग. गाव होतं तिथे मातीची टेकाडं होती आणि माणसं हातांनी, थाळ्यांनी, टोपल्यांनी ती माती उपसत होती. दगड अंगावर पडून जितके गेले असतील, तितकेच त्या मातीखाली श्वास कोंडून गेले असतील, असं तिथे उभं राहून वाटत होतं. आमच्या तात्यांची लेक तिकडच्याच एका गावात दिली होती. ती आणि तिची दोन मुलं त्याच मातीत सापडली. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या माळवदांवर माती टाकली, त्याच्या हातांनी त्या दिवशी माती उपसली.

नंतर तज्ज्ञ आले, त्यांनी पडझडीचा अभ्यास केला. भिंतींचा आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंतवलेला नव्हता, मध्ये नुसते दगडगोटे आणि माती भरलेली होती. धक्का बसताच भिंतीची दोन्ही अंगं सुटी झाली. वरून छताचं प्रचंड ओझं. मात्र काही ठिकाणी, जिथे खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. दोष मातीच्या थंडपणात नव्हता. तो तिच्या वजनात होता, आणि तिला पेलणाऱ्या भिंतीत होता.

पण हे ऐकून घ्यायला तेव्हा कोणाचं मन जागेवर होतं? साऱ्या जिल्ह्यात माणसं घरात शिरेनात. आमच्या लातूरच्या घराला दोन तिरप्या भेगा गेल्या होत्या. अम्माने त्या रात्रीनंतर माळवदाखाली पाठ टेकली नाही. तीन महिने आम्ही अंगणात ताडपत्रीखाली होतो. अब्बांना ते घर फार प्रिय होतं. ते म्हणाले, "भेगा बुजवून घेऊ. पत्र्याखाली उन्हाळ्यात पोरं भाजून निघतील." त्यावर अम्मा तिच्या दखनीत जे बोलली, ते मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "पत्रा तापला तर घाम येतो. माती पडली तर माणूस जातो."

त्यानंतर अब्बा काही बोलले नाहीत.

१९९४ च्या जानेवारीत तात्यांनीच आमचं माळवद उतरवलं. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. एका खोलीची माती तेरा बैलगाड्या निघाली. तेरावी गाडी भरल्यावर तात्या चाकाला टेकून बसले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यातल्या निम्म्या गाड्या माझ्याच हातच्या."

अब्बांच्या वहीत त्या वर्षीचा हिशेब असा आहे. तीन खोल्यांचे पत्रे, लोखंडी अँगल, हुक, मजुरी, माती वाहून नेणं, सगळं मिळून अकरा हजार चारशे रुपये. जुन्या सागवानी तुळया आणि कड्या विकल्या, त्याचे चार हजार आले. एका मास्तराच्या घरातली ही शीतयंत्रणा बदलण्याची पहिली किंमत. दहा टनांच्या जागी आता डोक्यावर लोखंडासकट शंभर-दीडशे किलो होते. अम्मा त्या रात्री घरात झोपली. त्या झोपेची किंमत मांडायला अब्बांच्या वहीत रकाना नव्हता.

मग एप्रिल आला.

पत्र्याखाली ज्यांनी दिवस काढलेत त्यांना मी काय सांगणार! पत्रा सकाळी नऊला तापतो आणि सगळी आग खाली सोडतो. दुपारी डोक्यावर तवा टांगल्यासारखं होतं. थंडीत पहाटे त्याच पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि अंथरुणावर ठिबकतं. पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या घराला उन्हाळा, हिवाळा आणि पावसाळा पहिल्यांदाच आतून कळला.

आणखीही एक गोष्ट गेली. माळवद ही आमची वरची खोली होती. कुरडया-पापड तिथे, मिरच्या तिथे, उन्हाळ्याच्या रात्रीची अंथरुणं तिथे. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या माळवदावर चढायची. चंद्रकोर पहिल्यांदा कोणाला दिसते यावर पैजा लागायच्या. शेजारच्या घरातली पोरंही यायची, त्यांची नजर आमच्यापेक्षा तेज असायची. पत्र्यावर उभं राहता येत नाही. १९९४ ची ईद आली तेव्हा आम्ही चंद्र रस्त्यावर उभे राहून पाहिला, विजेच्या तारांच्या मधून.

तिकडे किल्लारी परिसरात याच अदलाबदलीचं फार मोठं रूप चाललं होतं. जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसनाचा कार्यक्रम घेतला. बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली, सुमारे अठ्ठावीस हजार घरं त्यात होती. जमिनीच्या मालकीप्रमाणे घराचा आकार ठरला, भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. सिमेंटच्या भिंती, सिमेंटची छतं, आखीव रस्ते, लांब लांब घरं. जुन्या गावात एका घराची सावली दुसऱ्या घरावर पडायची, बोळ अरुंद असल्यामुळे दुपारी चालायला सावली मिळायची. नव्या गावात रस्ता रुंद झाला आणि ऊन सरळ दारात आलं. तोवर माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, कोणी वर्षभर, कोणी त्याहून जास्त. घरं मजबूत मिळाली याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण दुपारी त्या घरांच्या बाहेर, भिंतीच्या सावलीला बसलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. आज तिथे झाडं मोठी झालीत. लोकांनी स्वतः लावली आणि वाढवली.

बाकी तेरा जिल्ह्यांतल्या गावांत घरं दुरुस्त आणि भक्कम करण्याचा कार्यक्रम होता. त्यात अभियंत्यांनी सांगितलेले उपाय फार साधे होते. छतावरची जास्तीची माती खरवडून थर कमी करा. भिंतीत आरपार जाणारे बांधणीचे दगड घाला. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या. म्हणजे माळवद ठेवा, पण त्याचं ओझं उतरवा. मला आज वाटतं, आमच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी सूचना होती. फूटभर मातीने गारवा तेवढाच मिळाला असता. वरच्या थरांचा उपयोग गळती थांबवण्यापुरता होता आणि ते काम दुसऱ्या कशानेही झालं असतं. पण बहुतेकांनी मदतीच्या पैशांतून विटा-सिमेंटची एखादी नवी खोली बांधणं पसंत केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. आम्हीही तेच केलं. ज्याने मातीखालून माणसं काढली आहेत, त्याला थोडी माती राहू द्या असं सांगायचं कसं?

आमच्या घराचा हिशेब पुढे चालू राहिला. १९९९ मध्ये कूलर आला, तीन हजार दोनशेचा. २००७ मध्ये पत्रे काढून स्लॅब टाकला. खांबांसह एक लाख दहा हजार लागले, त्यातले साठ हजार कर्जाचे. अब्बा तेव्हा नव्हते, ही नोंद माझ्या अक्षरात आहे. वाटलं, आता सुटलो. अम्मा पुन्हा छतावर कुरडया घालू लागली. पोरांनी ईदचा चंद्र पुन्हा वरून पाहिला. पण चार इंची उघड्या स्लॅबचा स्वभाव तेव्हा कळला. दुपारी तो बरा असतो. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात वाजता, बाहेर वारा सुटलेला असताना, ते सगळं ऊन खाली ओतायला लागतो. मातीचं छत दिवसाचं ऊन वरच्या वर परतवायचं. स्लॅब ते रात्रीपर्यंत सांभाळून आपल्या अंथरुणात आणून देतो.

कूलरने ते दिवस निभावले. मग २०१६ उजाडलं. कूलर पाण्यावर चालतो, आणि लातुरात त्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. प्यायचं पाणी जिथे आगगाडीने येतं, तिथे खसच्या पडद्यावर पाणी शिंपडायची हिंमत कोण करणार! आमचा कूलर त्या सबंध उन्हाळ्यात कोरडा उभा होता. अम्माने त्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवली होती. त्याच उन्हाळ्यात तिला दोनदा सलाइन लावावी लागली, आणि पुढच्या वर्षी मी हप्त्यांवर एसी घेतला. हौस म्हणून घेतलेला नव्हता. पाणी नव्हतं म्हणून घेतला.

एसीवाले 'टन' म्हणतात तेव्हा ते वजन नसतं. हा शब्द बर्फाच्या जमान्यातला आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र. अमेरिकेत विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने १९०२ मध्ये असल्या यंत्राचा आराखडा केला तो माणसांसाठी नव्हताच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, त्यासाठी तो होता. कागदासाठी निघालेलं यंत्र शंभर वर्षांनी माझ्या अम्माच्या खोलीत आलं. दहा टनांचं छत उतरवून आम्ही दीड टनाचं यंत्र बसवलं आणि मध्ये तेवीस वर्षं गेली.

या यंत्राचं बिल माळवदासारखं लपून राहत नाही, दर महिन्याला येतं. दिवसाला आठ तास चालवलं तर महिन्याला अडीचशे-तीनशे युनिटं सहज होतात. आपल्याकडे शंभर युनिटांनंतर दर चढतो, तीनशेनंतर आणखी चढतो. पण या बिलातही एक न लिहिलेली रक्कम आहेच. आतली उष्णता यंत्र कुठे नाहीशी करत नाही, ती बोळात सोडतं. आमच्या बाहेरच्या पेटीसमोर एका शिंपिणीची पत्र्याची खोली आहे. आमच्या खोलीतला उन्हाळा आम्ही सात वर्षं तिच्या दारात टाकत होतो. तिने कधी तक्रार केली नाही, खिडकी मात्र लावून घेतली. उन्हाळ्यात लावून घेतलेली ती खिडकी मला मेकॅनिक बेरीज करत होता तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली.

म्हणून मी त्या दिवशी लगेच हो म्हटलं नाही. अब्बांची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत गेलो. पन्नास वर्षांत आमच्या घराने आपली थंडी-ऊब चार वेळा बदलली, आणि प्रत्येक वेळी आदल्या संकटाच्या भीतीने बदलली. भूकंपाच्या भीतीने माती काढली तेव्हा सावलीही काढून टाकली. पत्र्याच्या झळांना भिऊन स्लॅब टाकला. पाण्याच्या भीतीने वीज घेतली. दर वेळी किंमत विचारली ती नव्या वस्तूची. जुनी वस्तू कोणतं काम करत होती आणि ते काम आता कोण करणार, हे एकदाही विचारलं नाही.

तो प्रश्न यंत्राच्या आधी छताला विचारायला हवा. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये छतं थंड ठेवण्याचं धोरणच आणलं. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला. आता तिथेही गरीब वस्त्यांची छतं पांढरी करतात. २०१९ च्या केंद्र सरकारच्या शीतन आराखड्यातही, यंत्र घेण्याआधी इमारतच कमी तापेल असं पाहा, हे म्हटलेलं आहे. तात्या असते तर हसले असते. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना फक्त वजनाचा हिशेब ठाऊक नव्हता.

आम्ही स्लॅबला चुन्याचे दोन हात दिले. चुना, थोडा चिकटपणा यायला डिंक, कुंचले, एक मजूर, सगळे मिळून अडीच हजारांच्या आत. अम्माच्या खोलीवर बांबूचा मांडव घालून त्यावर तुराट्या अंथरल्या, स्लॅबपासून दीड हात उंच, म्हणजे मधून वारा खेळतो. एकूण वजन किती, म्हणून अम्माने मला तीन वेळा विचारलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं, "अम्मा, दोन माणसांएवढंसुद्धा नाही." मांडव बांधून आठ दिवस झाल्यावर संध्याकाळी सात वाजता मी छताला खालून हात लावून पाहिला. हात ठेवता येत होता.

एसी तरीही घेतला. बेचाळीस अंशांत ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगून गारवा मिळत नाही, आणि माळवदाच्या आठवणींवर मी कितीही कविता केल्या तरी त्या आठ हजार माणसांसमोर मला माळवदाची नुसती तारीफ करता येणार नाही. पण मेकॅनिकने खोली पुन्हा पाहिली आणि म्हणाला, "सर, आता एक टन पुरेल." खर्च सात हजारांनी खाली आला, आणि विजेचा आकडाही उतरला. बाहेरची पेटी बोळातून काढून वर, छताच्या कठड्याला बसवली. नळी लांबली, त्याचे अठराशे रुपये जास्त पडले.

ही सगळी नोंद मी वहीत केली आहे, अब्बांच्या अक्षराखाली. चुना किती, तुराट्या किती, यंत्र किती, नळीचे जास्तीचे किती. शेवटच्या ओळीत रक्कम नाही. तिथे लिहिलं आहे, 'समोरची खिडकी उघडली.'